गुडघे टेकलेला माणूस

जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसभरात सापडतं काय, तर बाटल्यांची झाकणं, काडतुसांची पितळी बुडं, ट्रॅक्टरचा कुठलातरी नट आणि बटणं. बटणं तर इतकी की वाटतं पूर्वीची माणसं शेतात कामाला नाही, बटणं तोडायलाच यायची. त्यामुळे त्या दिवशी सिग्नल आला तेव्हा मी फार काही मनात आणलं नव्हतं. नांगरलेलं शेत, मालकाची परवानगी घेतलेली (हे आधी, बाकी सगळं नंतर, आणि आपण जिथे आहोत तिथला कायदा काय म्हणतो तेही आधीच बघून ठेवायचं), बूट चिखलाने मणामणाचे झालेले आणि स्क्रीनवर धातूचा अंदाज देणारा आकडा ७० च्या आसपास लटपटतोय. एका बाजूने कॉइल (डिटेक्टरचं खालचं गोल तबक) फिरवली की स्वच्छ गोड आवाज, नव्वद अंश वळून फिरवली की मध्येच खरखर. म्हणजे शेजारी खिळा पडलेला असणार. अशा वेळी निम्मे लोक पुढे निघून जातात, मीही जातेच बऱ्याचदा, पण तेव्हा दमले होते आणि खणायच्या निमित्ताने खाली बसायला मिळेल एवढाच हिशोब होता.

वीतभर खाली ढेकूळ निघालं, पिनपॉइंटर (धातूची नेमकी जागा दाखवणारी हातातली कांडी) त्याच्यावरच किंचाळत होता. ढेकूळ दोन्ही हातांनी फोडलं तर आत गोल कडा. खिळा खड्ड्याच्या बाजूला निघाला, तो पिशवीत टाकला, खड्डा बुजवला, मग ती चकती हातात घेतली. हिरवट तपकिरी, नेहमीच्या नाण्यापेक्षा बरीच मोठी पण त्या मानाने हलकी, आणि वरच्या कडेला भोक.

आता सगळ्यात अवघड काम. ते म्हणजे अंगठ्याने पुसायचं नाही. हे लिहायला सोपं आहे पण तिथे शेतात उभं राहून हात आपोआप चालतो, आणि चिखलातली बारीक रेती म्हणजे सँडपेपरच. दोन वर्षांपूर्वी मी एका चांदीच्या नाण्यावरचं साल असंच स्वतःच्या अंगठ्याने घालवलंय, तेव्हापासून खिशात छोट्या डब्या ठेवते, ओल्या मातीसकट वस्तू डबीत आणि जागेची नोंद फोनमध्ये. डबीवर चिठ्ठी लावली, 'टोकन?'

हे 'टोकन' म्हणजे आमच्या छंदातलं गाठोडं आहे, जे नाणं नाही आणि बटणही नाही ते सगळं त्यात जातं. खरंतर टोकन म्हणजे ज्याच्या बदल्यात काहीतरी मिळायचं ते, सुट्ट्या पैशांची टंचाई असली की व्यापारी स्वतःच्या नावाने काढायचे तसलं. जेटन म्हणजे हिशोबाच्या पाटावर मांडायच्या चकत्या. आणि एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून पाडलेलं ते पदक, त्याच्या बदल्यात कुणी काही देत नाही, ते नुसतं जवळ ठेवायचं, मिरवायचं. हा फरक माहीत असला तर शोधायचं कुठे ते कळतं, नाहीतर माणूस नाण्यांच्याच कॅटलॉगमध्ये महिनाभर डोकं आपटत बसतो.

घरी आल्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवलं. लिंबू नाही, चिंच नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही, कारण त्याने पितळ चकचकीत होतं पण अक्षरं त्या हिरव्या-तपकिरी थरातच टिकून असतात, थर गेला की अक्षरंही गेली. दोन दिवस पाणी बदलत राहिले आणि भिंगाखाली लाकडी टूथपिकने माती काढत बसले. तपकिरी थरात मध्येच गुलाबीसर तांबूस ठिपके दिसायला लागले. पितळ खूप काळ ओल्या जमिनीत राहिलं की त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे राहतं, त्याचे ते ठिपके. म्हणजे पितळ, आणि कालपरवाचं नाही. माप घेतलं, ३७ मिलिमीटर. वजन १३ ग्रॅम. राजाचं डोकं नाही, किंमत नाही. एका बाजूला जहाजं, दुसऱ्या बाजूला दोन माणसं.

इथून माझी गाडी घसरली. एक माणूस उभा, हात पुढे केलेला. दुसरा त्याच्यासमोर गुडघे टेकून. वर गळ्यात अडकवायला भोक. तुम्हीच सांगा, काय वाटेल? संत आणि भक्त! गळ्यात घालायची धार्मिक पदकं शेतात खूप सापडतात, दोरा तुटला की गेलं. त्यात गुडघे टेकलेल्याच्या खाली अक्षरं लागली, डी, ओ, एन, मग जागा सोडून बी. डॉन बी. मी खुर्चीतून उठलेच, डॉन बॉस्को! शाळांमुळे या संताचं नाव माहीत होतं, समोर गुडघे टेकलेला म्हणजे त्यांचा विद्यार्थी, सगळं कसं फिट्ट बसलं. पुढची अख्खी संध्याकाळ मी बॉस्कोंची पदकं बघण्यात घालवली. ते १९व्या शतकातले, आणि माझ्या पदकावरच्या दोघांचे कोट गुडघ्यापर्यंत लांब, डोक्यावर तिकोनी टोपी, हे मला दिसत होतं हो, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं, म्हटलं असेल जुन्या पद्धतीचा पोशाख.

मोडलं ते माझ्या लेकीने. ती मागून येऊन भिंगातून बघून म्हणाली, "आई, हा तलवार देतोय त्याला. संतांना तलवार कशाला लागते?"

गप्पच बसले. खरंच तलवार होती. मी तिला मेणबत्ती समजत होते.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. खोलीत अंधार, फोन स्टँडवर पक्का, आणि टॉर्च टेबलाला जवळपास टेकवून आडवी, म्हणजे उजेड पदकावर वरून न पडता घसटत जातो आणि झिजलेल्या अक्षरालाही बारीकशी सावली मिळते. टॉर्च हलवायची नाही, पदक थोडं थोडं फिरवायचं आणि प्रत्येक वेळी एक फोटो. एका फोटोत जे अक्षर नाही ते दुसऱ्यात उगवतं. कागदावर मोठं वर्तुळ काढून घड्याळासारखे आकडे घातले आणि जिथे जे अक्षर दिसलं ते त्या जागी लिहीत गेले, ८ च्या जागी पी आणि आर, ११ च्या पुढे एस-पी-ए, भोकाने एक अक्षर खाल्लंय, २ वर एच-यू-एम. खात्री नसलेलं अक्षर पेन्सिलीने, खात्रीचं पेनाने. हा पेन-पेन्सिलीचा नियम मला फार उपयोगी पडलाय, कारण नाहीतर आपणच आपल्याला हवी ती अक्षरं बघायला लागतो (बघा वरचा बॉस्को).

सव्वाअकरा वाजता वाक्य लागलं. द प्राइड ऑफ स्पेन हंबल्ड बाय, आणि पुढे ए-डी, व्हर्नन. स्पेनचा गर्व अॅडमिरल व्हर्ननने उतरवला. खाली डॉन ब्लास. बॉस्को नाही, ब्लास!

एवढं मिळाल्यावर पुढचं सोपं होतं, कारण व्हर्ननची पदकं हा स्वतःच एक मोठा प्रांत आहे. झालं असं की १७३९ साली ब्रिटन आणि स्पेनचं युद्ध जुंपलं. इतिहासात त्याला जेंकिन्सच्या कानाचं युद्ध म्हणतात, कारण रॉबर्ट जेंकिन्स नावाच्या कप्तानाचा कान स्पॅनिश गस्तीवाल्यांनी १७३१ मध्ये कापला होता आणि तो राग आठ वर्षं शिजत होता. युद्धाला नाव म्हणून कान पुरे, खरं भांडण अर्थातच व्यापाराचं होतं. एडवर्ड व्हर्नन हा आरमारी अधिकारी पार्लमेंटमध्येही होता आणि तिथे त्याने बोलून ठेवलं होतं की पनामाच्या किनाऱ्यावरचं पोर्टो बेल्लो मी सहा जहाजांत घेऊन दाखवतो. आणि १७३९ च्या नोव्हेंबरमध्ये घेतलं की खरंच! सहाच जहाजांनी. बातमी लंडनला पोचल्यावर लोक अक्षरशः वेडे झाले. पुढे जिथे लंडनचा प्रसिद्ध पोर्टोबेल्लो रोड झाला तिथल्या शेताचं नाव त्या विजयावरूनच पडलेलं. व्हर्ननचा चेहरा मगवर, ताटल्यांवर, तपकिरीच्या डब्यांवर, खानावळींच्या पाट्यांवर, आणि पदकांवर तर विचारूच नका.

ही पदकं सरकारने काढलेली नव्हती, हे महत्त्वाचं. खासगी कारागिरांनी साच्यावर साचे कोरले, एकमेकांची नक्कल केली, स्पेलिंग वाटेल तसं, व्हर्ननचं नाक प्रत्येक साच्यात वेगळं. शंभरच्या वर प्रकार नोंदलेले आहेत. धातू बऱ्याचदा पिंचबेक, म्हणजे तांबं आणि जस्ताचा असा मेळ की नवा असताना थेट सोन्यासारखा दिसतो, क्रिस्टोफर पिंचबेक नावाच्या लंडनच्या घड्याळजीने काढलेला. साध्या माणसाला हातात सोन्यासारखा व्हर्नन मिळायचा. माझ्या गुलाबी ठिपक्यांच्या चकतीकडे बघून आता ते पटत नाही, पण टूथपिकने माती काढताना कोटाच्या घडीत टाचणीच्या टोकाएवढी पिवळी जागा अजून होती, तिथे मी मुद्दामच परत हात लावला नाही.

हा व्हर्नन म्हणजे तोच, ज्याच्यामुळे ग्रॉग शब्द आला. ग्रोग्रम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा कोट घालायचा म्हणून खलाशी त्याला म्हातारा ग्रॉग म्हणायचे, आणि १७४० मध्ये त्याने खलाशांच्या रमच्या रोजच्या वाट्यात पाणी घालायचा हुकूम काढला, तर त्या पाणचट रमलाच ग्रॉग नाव पडलं. खलाशी किती खूश झाले असतील बघा. आणि जॉर्ज वॉशिंग्टनचा मोठा सावत्र भाऊ लॉरेन्स त्याच्या मोहिमेत होता, त्याने घरच्या इस्टेटीला साहेबाचं नाव दिलं, ते माउंट व्हर्नन. मी हे सगळं रात्री दीड वाजता वाचत होते आणि झोप उडाली होती.

तर आता मागची बाजू. तिथे बंदर, जहाजं, आणि काठावर लिहिलेलं की खऱ्या ब्रिटिश वीरांनी कार्टाजेना घेतलं. खाली एप्रिल १७४१. हे वाचायला तासभर पण लागला नाही, ही बाजू जमिनीत खाली होती की काय कोण जाणे, बरीच चांगली राहिलीय. झालं की मग! मी सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली, 'कार्टाजेनाच्या विजयाचं पदक, अॅडमिरल व्हर्नन, १७४१', चिठ्ठी डब्यात, डबा कपाटात, आणि ग्रुपमधल्या मित्राला फोटो पाठवून ऐटीत कळवलं. त्याने उत्तर दिलं, "छान. कुठला विजय?"

म्हटलं हा काय प्रश्न झाला, लिहिलंय ना त्यावर. म्हणून त्याला पाठवायला विजयाची माहिती शोधायला बसले तर विजयच सापडेना. जिथे बघावं तिथे कार्टाजेना, १७४१, ब्रिटिशांचा पराभव. आधी वाटलं मी गाव चुकीचं वाचलं. स्पेनमध्येही कार्टाजेना आहे, तिथलं काही असेल. पुन्हा टॉर्च, पुन्हा फोटो, अक्षरं तीच. आणि डॉन ब्लास म्हणजे ब्लास दे लेसो, तो तर आताच्या कोलंबियातल्या कार्टाजेनाचाच रक्षक होता, म्हणजे गावही बरोबर आणि माणूसही बरोबर. चूक पदकाचीच होती.

पोर्टो बेल्लोच्या यशानंतर १७४१ च्या मार्चमध्ये व्हर्नन लहानमोठी मिळून सुमारे १८६ जहाजं घेऊन कार्टाजेनावर गेला. समोर लढाईची मोठी जहाजं सहा आणि सैन्य तीन-चार हजारांच्या घरात. सुरुवात झकास झाली, बंदराच्या तोंडाशी बोकाचिकाचा किल्ला होता तो पडला, जहाजं आत शिरली. आणि इथे व्हर्ननने लंडनला पत्र धाडलं की आता काय, झालंच. पत्र समुद्रावरून जायला आठवडेच्या आठवडे. ते पोचलं तेव्हा तिकडे घंटा वाजल्या, रोषणाई झाली, आणि साचेवाले तर टपूनच बसलेले, मागच्या वर्षीचा धंदा कोण विसरेल. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं. कारण लंडनमध्ये हा जल्लोष चालू होता तोवर कार्टाजेनात सान फेलिपेच्या किल्ल्यावरचा मुख्य हल्ला केव्हाच फसला होता. २० एप्रिलचा तो हल्ला (ब्रिटनचं कॅलेंडर १७५२ पर्यंत जुनं होतं, त्यांच्या हिशोबाने तारीख ११ दिवस मागे येते, हेही एक डोक्याला ताप), आणि शिड्या भिंतींना पुरल्याच नाहीत, आखूड पडल्या. वरून पिवळ्या तापाने माणसं पटापट जायला लागली. मे महिन्यात वेढा उठवून ताफा परत फिरला.

म्हणजे माझ्या हातात न झालेल्या विजयाचं पदक होतं. आणि मी दोन दिवस त्या पदकाचा शब्द प्रमाण मानून बसले होते, कारण धातूवर कोरलेलं आहे ना, खोटं कसं असेल. एखादी अफवा कागदावर असती तर मी दहा ठिकाणी तपासली असती.

मित्राला पुढचं सगळं कळवलं. त्याला माहीत होतं लेकाला, मला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

नेमका प्रकार कुठला ते अजून लागायचंय. व्हर्ननच्या पदकांना बेट्सचे नंबर वापरतात, १८९४ च्या एका कॅटलॉगवरून आलेले, आणि त्यात बघायचं कसं तर टोपीचं टोक कुठल्या अक्षराखाली येतं, तलवारीची मूठ कोटाला चिकटलीय की सुटी आहे, जहाजं किती आणि कुणाची शिडं कुठल्या दिशेला. माझ्याकडे नेमकं टोपीच्या टोकावर भोक आहे. दोन प्रकारांत अडकलेय, त्यातला एक पेन्सिलीने लिहून ठेवलाय.

पण त्या भोकाकडे मी जास्त बघत बसते. ते पदक घडवतानाच असलेलं नाही, नंतर कुणीतरी ठोकून केलेलं आहे, मागच्या बाजूला धातू बाहेर आलाय आणि तो चपटा केलेला आहे. आणि भोक गोल नाही. वरच्या कडेला, जिथे दोरा किंवा वायर टेकत असेल तिथे, ते लांबट झिजलंय, भिंगातून छोटी गुळगुळीत खाच दिसते. एवढी खाच पडायला हे बरेच दिवस, कदाचित वर्षं, कुणाच्यातरी गळ्यात किंवा कोटावर लोंबकळत असणार. पराभवाची बातमी तर काही महिन्यांतच सगळ्यांना कळली. म्हणजे कळल्यानंतरही तो घालतच राहिला. का कोण जाणे. सोन्यासारखं दिसायचं म्हणून असेल, व्हर्नन आवडायचा म्हणून असेल, किंवा वाचता येत नसेल आणि त्याच्यासाठी ती दोन माणसं नि जहाजं एवढंच असेल. उभा व्हर्नन जास्त झिजलाय, त्याचा चेहरा जवळजवळ सपाट. गुडघे टेकलेला ब्लास खाली असल्यामुळे वाचला, त्याच्या कोटाची बटणंसुद्धा मोजता येतात.

आणि तो ब्लास दे लेसो कोण होता, तर १७०४ मध्ये मालागाच्या लढाईत डावा पाय गमावलेला, मग तूलाँला डावा डोळा गेलेला, मग १७१४ मध्ये बार्सेलोनाला उजवा हात कामातून गेलेला. त्याला लाकडी पायाचा म्हणायचे, अर्धा माणूस म्हणायचे. कार्टाजेना वाचवून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथेच वारला, व्हर्ननपुढे गुडघे टेकायचा प्रश्न कधी आलाच नाही.

हे वाचल्यावर मी कपाटातून डबा काढला, टॉर्च आडवी लावली आणि लेकीला हाक मारली. म्हटलं, नीट बघून सांग, खाली बसलेल्याला पाय किती?

तिने भिंग डोळ्याला लावलं, पदक जरा फिरवलं, परत फिरवलं.

"दोन," ती म्हणाली. "का, किती हवे होते?"